इस्त्रीच्या दुकानात ऐकलेले ठोके

मित्रांनो, मला तोंड नाही, हातपाय तर नाहीतच. मी म्हणजे नुसता कान. मी एक जुना लाकडी कर्णा आहे. मिरवणुकीत वाजतो तो नव्हे बरं! आईच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायला वापरतात, तो. माझे एक टोक घंटेसारखे पसरट, दुसरे चपटे आणि मधून मी आरपार पोकळ. पसरट टोक पोटावर टेकवायचे, चपट्या टोकाला आपला कान लावायचा. झाले! ना वीज लागते, ना वायर.

एका कातारीने मला फिरत्या यंत्रावर धरून कातले, आतून कोरले आणि घासून गुळगुळीत केले. मग मला कानाशी लावून त्याने माझे दुसरे टोक टेबलावरच्या घड्याळावर टेकवले. टिकटिक स्वच्छ ऐकू आली, तसा तो स्वतःशीच हसला. ‘‘उघडले बघ तुझे कान,’’ तो म्हणाला.

पुढे मी एका छोट्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरांच्या हाती आलो. त्या ऐकायला वाकल्या की बाकावरच्या बायकाही गप्प होत. मला भारी उत्सुकता! आत कोण असेल? झोपले असेल की लाथा झाडत असेल? एक कोडे मात्र सुटत नसे. कडक उन्हाळ्यात, भर दुपारी आलेल्या काही आयांच्या पोटातली बाळे फार वेगाने धडधडत. मला वाटे, मुलांची खेळायची वेळ असेल.

मग एक उन्हाळा असा आला की दाराची कडी हातात धरवेना. त्या दिवसांत इस्त्रीच्या दुकानवाल्यांची सून तपासून घ्यायला आली. दिवस बरेच भरत आले होते. ओठ सुकलेले, चेहरा लालबुंद. सिस्टरांनी मला टेकवले, ऐकले, थांबल्या आणि पुन्हा ऐकले.

‘‘पाणी किती प्यालीस आज?’’

‘‘सकाळी घोटभर.’’

‘‘एवढंच? का गं?’’

तिने मान खाली घातली. ‘‘दुकानात लघवीला जायची सोय नाही, सिस्टर. लांब जावं लागतं. म्हणून पाणीच कमी पिते.’’

सिस्टरांनी डॉक्टरबाईंना बोलावले. त्यांनी तिला तपासले आणि खिडकीजवळ कुशीवर निजवायला सांगितले. मानेवर, हातांवर ओली फडकी ठेवली आणि घोट घोट पाणी पाजले. बऱ्याच वेळाने मला पुन्हा टेकवले, तर आतली धावपळ थांबली होती! बाळ शांत, ठेक्यात चालल्यासारखे वाजत होते. म्हणजे ते खेळत नव्हते तर!

‘‘तू तापलीस की बाळही तापतं,’’ सिस्टर तिला सांगू लागल्या. ‘‘तुझं अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालं, तर बाळाच्या वाट्याला रक्त कमी पडू शकतं. फार उष्म्यानं बाळंतपण वेळेआधीही होऊ शकतं. दुपारी इस्त्रीपाशी उभी राहू नकोस.’’

‘‘हे मला नका सांगू,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘सासूबाईंना सांगा.’’

दुसऱ्या दिवशी सिस्टर मला पिशवीत घालून थेट दुकानात गेल्या. वर पत्रा, खाली टेबलावर वाफाळणारे कपडे आणि पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. सून इस्त्री फिरवत होती. तिच्या सासूला सगळे मावशी म्हणत. मावशींनी सिस्टरांचे बोलणे अर्ध्यातच तोडले.

‘‘आम्ही नाही का राबलो? पोर पोटात असताना ह्याच टेबलाशी उभी होते मी! हल्लीच्या मुलींची फारच नाटकं.’’

सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी सुनेला चादरींच्या गठ्ठ्यावर निजवले, मला टेकवले आणि म्हणाल्या, ‘‘मावशी, जरा कान लावा.’’

मावशी कुरकुरत वाकल्या. त्यांचा घामेजलेला कान मला चिकटला.

‘‘अगं बाई! हे तर घोड्यावर बसल्यासारखं पळतंय!’’

मग सुनेला मागच्या सावलीत नेले, पाणी दिले. मावशी पुन्हा कामाला लागल्या खऱ्या, पण लक्ष सगळे सावलीकडे. शेवटी न राहवून त्यांनीच विचारले, ‘‘ऐकू का परत?’’ या वेळी ठोके शांत, ठेक्यात होते आणि त्यांनी कान लवकर काढला नाही.

‘‘सिस्टर, माझं पहिलं बाळ वेळेआधी झालं होतं. असाच उन्हाळा होता. जगलं नाही. लोक म्हणाले, नशीब.’’ त्यांनी मला सिस्टरांच्या हातात दिले. ‘‘उष्म्यानंच गेलं असेल का ते?’’

‘‘ते कशामुळे गेलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘पण दोष तुमचा नव्हता, मावशी. तुम्हाला कुणी ‘जरा बस’ म्हणालंच नाही.’’

मावशींनी पदराने तोंड पुसले आणि इस्त्रीचे बटण बंद केले. ‘‘दुपारचं काम बंद! गिऱ्हाईक बोंबललं तर बोंबलू दे.’’ मग त्या तरातरा शेजारच्या शिंप्याकडे गेल्या आणि सुनेसाठी त्याच्या संडासाची किल्ली मागून आल्या.

तरीही बाळ थोडे लवकरच आले. छोटीशी मुलगी! मावशींना काय करू नि काय नको असे झाले. नात घरी गेल्यावर त्यांनी तिला टोपडे घातले, दुपट्यावर दुपटे गुंडाळले आणि वारा लागू नये म्हणून खिडक्या लावल्या. बाहेर तर नुसती आग. एका दुपारी त्या तिला कवटाळून धावत आल्या. मागून सून रडत आली. मुलगी लाल झाली होती, मलूल होती, दूध ओढत नव्हती.

डॉक्टरबाईंनी भराभर दुपटी सोडली, ताप पाहिला आणि उपचार सुरू केले. ‘‘लहान बाळाला थंडीपासून जपायचंच,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण ह्या उन्हात एवढी दुपटी म्हणजे भट्टी! त्याला आपलं अंग नीट थंड ठेवता येत नाही. एक पातळ सुती कपडा पुरे. वरचं पाणी द्यायचं नाही, आईचं दूधच पुन्हा पुन्हा द्यायचं. आणि असा ताप दिसला की लगेच आणलंत, हे फार बरं केलंत.’’

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. ‘‘जपायला गेले आणि हे काय करून बसले!’’

‘‘जीव लावलात, मावशी,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘जरा जास्तच घट्ट लावलात, एवढंच.’’

डॉक्टरबाईंनी मुलीला काही दिवस ठेवून घेतले. एका सकाळी तिने असे काही भोकाड पसरले की मला कुठेही न टेकवता ऐकू आले! इतके गोड रडणे मी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

आता इथे नवे यंत्र आले आहे. त्यातून ठोके साऱ्या खोलीला ऐकू येतात. मी काचेच्या कपाटात पडून असतो. खोटे कशाला बोलू, थोडे वाईट वाटते. पण कपाटाचे दार नीट लागत नाही, म्हणून बाकावरच्या गप्पा मला ऐकू येतात. नात आता शाळेत जाते. मावशी अधूनमधून सिस्टरांना भेटायला येतात आणि बाकावर पोटुशी बाई दिसली, की ओळखपाळख नसताना विचारतात, ‘‘पाणी प्यालीस का गं? उन्हाचं कशाला आलीस? सरक, सावलीत बस.’’

मित्रांनो, पोटातल्या बाळाला ‘मला उकडतंय’ असे सांगता येत नाही. दुपट्यातल्या बाळालाही नाही. तुमच्या घरी, शेजारी असे कुणी असेल, तर उन्हाळ्यात तेवढी चौकशी करत जा. ठोके ऐकायला माझ्यासारखा कर्णा लागतो. पाणी विचारायला कुणीही चालते.