गुळगुळीत पेटी

मित्रांनो, विस्कॉन्सिनमधल्या एका पाणथळीत, कमरेइतक्या पाण्यात रोवलेल्या लोखंडी खांबावर जी करडी, चिरा पडलेली लाकडी पेटी दिसते ना, ती मी. मला पाहून कुणी थांबत नाही. थांबावं असं माझ्यात आहे तरी काय म्हणा! पण पंचवीस हिवाळे मी इथे उभी आहे आणि माझ्या तोंडातून दोनशेच्या वर पिल्लं बाहेर पडली आहेत.

तोंड म्हणजे पुढच्या फळीवरचं ते लांबट भोक. इथली काही बदकं जमिनीवर नव्हे, झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. मी त्यांना आपली ढोलीबदकं म्हणते. नराचं डोकं हिरवं-जांभळं, चकाकतं. ऐट सगळी त्याची, कष्ट मात्र मादीचे. पूर्वी काठावर म्हातारी झाडं होती, तेव्हा ढोल्यांना तोटा नव्हता. मग शेतं वाढली, झाडं गेली. म्हणून गावातली काही माणसं आपल्या सुट्टीच्या दिवशी माझ्यासारख्या पेट्या बनवू लागली.

मला बनवलं ऑर्व्हिल ट्वेट यांनी. जन्मभर त्यांनी कपाटं आणि पाळणे केले होते. बायको, सेल्मा, गेली तेव्हा त्यांनी हत्यारं भिंतीला टांगली ती टांगलीच. एक दिवस शाळेची बस चालवणारी डार्लीन कुबियाक देवदाराच्या फळ्या बगलेत मारून त्यांच्या दारात उभी राहिली. पाणथळीसाठी राबणाऱ्या मंडळाची सगळी धावपळ तिच्याच अंगावर असे.

"पेट्या हव्यात, ऑर्व्हिल. मी ठोकते कशाबशा, पण माझ्या पेट्या बघून बदकं हसतात."

"माझे हात थरथरतात गं आता."

"बदकांना कुठे कळतंय ते!"

तीन आठवडे ते माझ्यावर खपले. बाहेरून रंधा मारला आणि मग आतूनही मारला. त्यावर बारीक पॉलिशपेपर फिरवला. कोवळ्या अंगाला कुसळ टोचू नये म्हणून पाळण्याला ते हेच करत असत. मला त्यांनी पाळणाच समजून घडवलं. इतकी माया एका पेटीच्या वाट्याला क्वचितच येते.

डार्लीनने आत हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, ही पेटी की दागिन्यांचा डबा? जपून ठेवा, नाहीतर माझी आई पळवेल!"

मंडळातल्या प्रत्येकाने आत हात घातला, प्रत्येकाने वाखाणलं. ऑर्व्हिल लाजले. मी तर फुगून गेले. माझ्याच अंगाच्या कुरळ्या ढलप्या तळाशी अंथरून त्यांनी मला खांबावर चढवलं.

एप्रिलमध्ये एक मादी आली. रोज एक, अशी तिने बारा अंडी घातली. स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून त्यांच्यावर पांघरली. महिनाभर ती बसून होती. मग एका सकाळी माझ्या पोटात इतकी चिवचिव झाली की मला माझ्या भाग्याचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी आई खाली पाण्यावर उतरली आणि हाका मारू लागली. ढोलीबदकांची रीतच ती. पिल्लांनी नखं रोवत आतली भिंत चढायची आणि तोंडातून उडी टाकायची. ढोलीचं लाकूड खडबडीत असतं, नखांना धरायला जागा असते. माझ्या भिंतीला काहीच नव्हतं. पिल्लं उडी मारत, नखं टेकत आणि घसरून खाली पडत. पुन्हा उडी, पुन्हा खाली. आई परत येऊन तोंडातून आत डोकावली, पुन्हा खाली जाऊन बोलावू लागली. दोन दिवस ती येत राहिली, मग आली नाही. मित्रांनो, त्याहून जास्त मला सांगवत नाही.

फेब्रुवारीत पाणी गोठलं की मंडळाची माणसं बर्फावरून चालत येतात. घसरगाडीवर ढलप्यांची पोती, थर्मासात कॉफी. पेट्या साफ करायच्या, फुटलेल्या अंड्यांची टरफलं बघून किती पिल्लं निघाली ते मोजायचं. माझ्या बाजूचं, साफसफाईसाठी ठेवलेलं दार ऑर्व्हिलनी स्वतः उघडलं. हसतच उघडलं. मग त्यांनी हातमोजा काढला आणि आत हात घातला. कितीतरी वेळ तो हात तसाच आत होता.

"ती बाहेर पडलीच नाहीत, डार्लीन," ते म्हणाले. त्यांनी माझ्या भिंतीला तळवा लावला. तो सरकन खाली घसरला. "मी केलं हे. उतरव ही पेटी. चुलीत घाल. आणि मला पुन्हा बोलवू नकोस."

डार्लीनने घसरगाडीवरची मासेमारीची बादली आणून बर्फावर पालथी घातली.

"बसा," ती म्हणाली. "नवी पेटी आतून खरखरीत आहे का, हे बघायचं काम माझं होतं. मी हात घातला आणि दागिन्यांचा डबा म्हणाले. मलाही घालताय का चुलीत?"

"तुला कशाला?"

"मग तुम्हाला तरी कशाला? चाकू आहे ना खिशात?"

तिने स्क्रू काढून माझी पुढची फळी त्यांच्या मांडीवर ठेवली. नाकाचं पाणी पुसत ते भोकाखाली आडव्या खाचा पाडू लागले, एकीखाली एक. जन्मभर ज्यांची रेघ कधी चुकली नाही, त्यांच्या खाचा थरथरत वाकड्यातिकड्या निघाल्या. मला दुखलं. पण अजून खोल जा, असंच मी मनातून म्हणत होते.

"वाकड्या झाल्या गं," ते म्हणाले.

"पायऱ्या आहेत त्या. चढता आलं म्हणजे झालं."

पुढच्या एप्रिलमध्ये मादी आली. तीच की दुसरी, मला ठाऊक नाही. मे महिन्यातल्या एका सकाळी तिने पाण्यावरून हाक मारली, तेव्हा काठावर घडीच्या खुर्चीत ऑर्व्हिल बसले होते. पाच दिवस ते रोज येऊन बसत होते. पहिल्या पिल्लाने नख रोवलं. घसरलं. पुन्हा रोवलं आणि या वेळी ते नख खाचेत अडकलं! एक, दोन, तीन... ते मोठ्याने मोजत होते. अकरावं पाण्यात पडलं तेव्हा ते रडत होते आणि टोपी हलवत होते.

आता ते नाहीत. त्यांच्या खाचा आहेत. डार्लीनचे केस पिकले, पण दर फेब्रुवारीला ती नव्या माणसांना माझ्याजवळ आणते. सगळ्यांना हातमोजे काढायला लावते. "आत हात घाला," ती म्हणते. "टोचतंय? छान. हीच माया."

माझं छप्पर कुजत चाललंय, मित्रांनो. नवी फळी लावलीत तर उपकार होतील. बाहेरून हवा तो रंग द्या, माझी हरकत नाही. पण ज्याच्यासाठी करताय, त्याला काय लागतं ते आधी बघा. आणि आत रंधा तेवढा लावू नका.