बाहेरचा पट्टा

"सर, पोरींनी पळायचं कशात? परकरात का चड्डीत?"

प्रार्थना नुकतीच संपली होती आणि जाफराबादच्या शाळेचं सगळं पटांगण रांगेत उभं होतं. त्यात हा प्रश्न असा खणखणीत वाजला, की पोरं खाली माना घालून खिदळायला लागली. विचारणारी होती नववीतली बेबीनंदा. मागं उभ्या असलेल्या शरयूनं आणि विमलनं तिला सकाळीच डिवचलं होतं, "आहे का हिंमत? विचारून दाव नरहर सरांना!" हिंमत होती. या वर्षी ती कुठून आली कोण जाणे, पण नव्या चपलेसारखी सारखी वापरून बघावीशी वाटत होती.

नरहर सर व्यायाम शिकवायचे. ते रागावलेही नाहीत की हसलेही नाहीत.

"अंगाला नीट बसेल त्यात पळायचं," ते म्हणाले. "बाकी काम पायांचं. नाव काय तुझं?"

"बेबीनंदा साहेबराव."

सरांनी खिशातली वही काढून नाव लिहिलं. "पुढल्या शुक्रवारी जालन्याला शर्यती आहेत. चारशे मीटर. मुलगी मिळत नव्हती, मिळाली."

आता खिदळायची पाळी शरयू-विमलची होती.

तसं पळणं बेबीनंदाला नवं नव्हतं. तिचे वडील, साहेबराव, सडकेवर मैलकुली होते. दुसऱ्या मैलाच्या दगडापासून चौथ्या मैलापर्यंतची सडक त्यांची. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांना पाणी घालायचं. ते अंधारातच घर सोडायचे. नऊ वाजता मायच्या भाकरी झाल्या की बेबीनंदा त्या फडक्यात बांधायची, सडकेनं पळत जाऊन अण्णांना द्यायची आणि पळतच माघारी येऊन अकराच्या घंटेला वर्गात बसायची. भाकरी पोचेपर्यंत कोमट असली की अण्णा म्हणायचे, "आज बराबर आलीस." तेवढ्या शब्दांसाठी ती जीव काढून पळायची. सडक नाकासमोर सरळ होती, आणि बेबीनंदाचं पळणंही तसंच.

जालन्याचं नाव काढल्यावर मात्र अण्णांनी जेवता जेवता हात थांबवला.

"चौदा सरून राह्यले तुला. आता पुस्तकं धर. दोन सालांनी मॅट्रिक हाय."

"अण्णा, एकडाव."

"जाऊ द्या की," माय म्हणाली. मायचं, प्रभावतीचं, बोलणं कमी, पण ती बोलली की घर ऐकायचं. "तुमच्या भाकरी घेऊन पळते तवा न्हाई तिचं वय दिसत?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "ठीक हाय. एकडाव. पहिल्या दोघींत आली तर औरंगाबादच्या पुढल्या शर्यतीला बी जाऊ दे. न्हाई आली तर मंग पळणं बिलकुल बंद. कबूल?"

"कबूल!" असं ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून.

मायनं आपल्या जुन्या लुगड्याची सलवार शिवली. गडद हिरवी, काठ आत दुमडलेले. गुरुवारी शाळेत ती दाखवल्यावर विमल म्हणाली, "झ्याक आहे गं!" शरयूनंही हात लावून बघितली आणि हसत हसत म्हणाली, "तुमचं बरंय बाई. फीला सवलत, पुस्तकांना सवलत. पळायलाबी तुला सवलतच देतील तिथं. चार पावलं पुढं उभं करतील!"

शरयूच्या पोटात काही नसायचं, तोंडाला येईल ते बोलायची ती. बेबीनंदाही हसली. आज्यानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून त्यांच्या घरात मान खाली घालायची पद्धत नव्हती. तरी ते 'चार पावलं' काट्यासारखं कुठंतरी आत मोडून राहिलं.

शुक्रवारी पहाटेच्या एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. दुष्काळानंतरचा पहिला हिवाळा होता. दोन्हीकडं कापूस फुटला होता. दुसरा मैल गेला, तिसरा गेला. चौथ्या मैलाच्या दगडापाशी अण्णा फावडं टेकवून उभे होते. त्यांनी हात केला नाही, नुसते बघत राहिले. बेबीनंदानं मात्र खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून हात हलवला आणि कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या.

पुढची सडक तिनं कधी बघितलीच नव्हती. ती मैलाचे दगड मोजत राहिली आणि प्रत्येक दगडाला मनात म्हणत राहिली, इथवर मी आले. टेंभुर्णीला सरांनी चहा पाजला. जालन्यात शिरताना जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग दिसले, घरांहून उंच. कुठंतरी आगगाडीनं शिट्टी दिली आणि आपण फार लांब आल्यासारखं तिला वाटलं. तिला ते आवडलं.

मैदान केवढं होतं! त्यावर फक्कीनं पांढऱ्या रेषा ओढलेल्या, सगळ्या गोल वळत गेलेल्या. बेबीनंदानं असं गोल मैदान जन्मात बघितलं नव्हतं. नरहर सर मुलांच्या लांब उडीकडं गेले होते. जाता जाता म्हणाले, "आपला पट्टा सोडू नकोस, बस."

चारशे मीटरला चौघीच होत्या. यादी वाचणाऱ्या बाईंनी बेबीनंदाला सगळ्यात बाहेरचा, चौथा पट्टा दिला आणि बोटानं तिथली रेघ दाखवली. ती जाऊन उभी राहिली. मागं वळून बघते तर काय, बाकीच्या तिघी तिच्या मागं! एक थोडी मागं, दुसरी आणखी मागं, आणि सगळ्यात आतली जालन्याची उंच पोरगी तर वीस-बावीस पावलं मागं.

बेबीनंदाचे कान तापले. इथंही! इथं कुणी सांगितलं यांना?

ती ताठ मानेनं मागं चालत गेली आणि आपल्याच पट्ट्यात, पण त्या उंच पोरीच्या बरोबरीनं उभी राहिली.

शिट्टीवाले सर ओरडले, "ए मुली! तुझी रेघ पुढं आहे!"

"मला हितंच चालंल, सर."

"अगं, पुढं—"

"न्हाई सर. हिच्या बराबरच."

शिट्टीवाल्या सरांना अजून अकरा शर्यती उरकायच्या होत्या. "मागं उभं राहायला बंदी नाही बाई, तुझी मर्जी," ते म्हणाले, आणि शिट्टी वाजली.

बेबीनंदा पळाली. भाकरी कोमट पोचवायची असल्यासारखी पळाली. वळणावर तिला नवल वाटत होतं, की मी एवढी जोरात आहे तरी आतल्या पोरी पुढं कशा जातात? शेवटच्या सरळीत एकीला तिनं मागं टाकलं. दुसरीच्या खांद्यापर्यंत आली. हातभर अंतर राहिलं, आणि दोरी आली.

तिसरी.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. झालेलं सगळं नरहर सरांना शिट्टीवाल्या सरांकडून कळलं होतं. त्यांनी खिडकीच्या धुळकट काचेवर बोटानं एक गोल काढला आणि त्याच्या बाहेरून दुसरा.

"यातला मोठा कुठला?"

"बाहेरचा."

"मग बाहेरून पळणारीला जास्त पळावं लागेल की कमी?"

बेबीनंदानं दोन्ही गोलांवरून नजर फिरवली. गाडी खड्ड्यात आदळली, बोटांच्या रेषा थरथरल्या.

"म्हणून तिला पुढं उभं करतात?" तिनं हळूच विचारलं. "मंग ती सवलत नव्हती?"

"सवलत कसली? भूमिती ती! सगळ्यांना चारशेच पडावेत म्हणून. तू आज चारशे वीस पळालीस. वर एकीला मागं टाकलंस." सरांनी कपाळाला हात लावला. "भर प्रार्थनेत चड्डीचं विचारता येतं, आणि तिथं विचारता आलं नाही, की मला पुढं का उभं केलंय?"

तिला रडू यायला हवं होतं. आलं हसू. आधी थोडं, मग इतकं की पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. सरही हसायला लागले. हसून झाल्यावर तिनं काचेवरचे गोल पुन्हा एकदा बोटानं गिरवले, सावकाश, पूर्ण.

घरी दिवा लागला होता. अण्णा पाय धुऊन बसले होते. माय चुलीपुढं.

"कितवी?" अण्णांनी विचारलं.

"तिसरी." मग तिनं सगळं सांगितलं. रेघ, मागं चालत जाणं, काचेवरचे गोल. चार पावलांचंही सांगितलं.

माय भाकरी थापायची थांबली. अण्णांनी विचारलं, "म्हंजे त्यांनी दिल्ती ती जागा तुझीच होती?"

"माझीच होती. मीच सोडली."

"हं." त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. "पण कबूल झालतं आपलं, बेबी."

"झालतं." ती उभीच होती, सलवारीच्या काठांवर जालन्याची फक्की तशीच. आवाज चढला नाही की कापला नाही. "अण्णा, माय, ऐका. पुस्तकं धरीन, मॅट्रिक बी करीन. पण ही कबुली मी मोडून राह्यले. पुढल्या साली मी जालन्याला परत जाणार, आन् ते दाखवतील त्याच रेघेवरून पळणार."