मालकाचं नाव

माझे सासरे म्हणजे दगड, असं मी लग्नानंतर सहा वर्षं धरून चालले होते. त्यात माझं किती चुकलं ते मीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला खपत नाही.

आम्ही पेणला रामवाडीत दोन खोल्यांत राहतो. सासरे दत्तात्रेय, सासूबाई सीताबाई, नवरा हरेश आणि मी, नम्रता. सासू-सासऱ्यांचं आयुष्य खाडीकाठी मिठागरावर गेलं. सासऱ्यांचे गुडघे कामातून गेले तेव्हा हरेशने दोघांना इथे आणलं. यंदा हरेशची कंपनीतली शिफ्ट बंद झाली. कंत्राटदार ‘कळवतो’ म्हणाला आणि दोन महिने त्याने काही कळवलं नाही. मी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींची पितांबरं रंगवते, त्यावर घर चाललं होतं. कसं, ते विचारू नका.

अशात एका सकाळी सासूबाई मासळीबाजारातून आल्या, त्या रिकामी पिशवी आणि भरलेला पदर घेऊन. पदरात मांजरीचं पिल्लू. राखाडी, मुठीएवढं, डोळे चिकटलेले, नाक वाहून वाळलेलं, आणि प्रत्येक श्वासाला घरघर.

“टोपल्यांच्या मागं पडली होती गो,” सासूबाई म्हणाल्या. “आय टाकून गेली तिची.”

सासरे खाटेवर बसले होते. त्यांनी मान वाकडी करून एकदा पदरात पाहिलं. “मरायला टेकलंय ते. जिथनं आणलंस तिथं ठेवून ये.”

“आणि मेली म्हंजे?”

“मेली तर तिकडं मरंल. या घरात नाय.”

माझं डोकं फिरलं. “बाबा, ती राहणार,” मी म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि आडवे झाले. सहा वर्षांत एवढंच उत्तर मला माहीत होतं.

आधी मी तिला बाजारातल्या खासगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासायचं, सलाईन लावायचं आणि दोन दिवस ठेवून घ्यायचं सांगितलं. जो आकडा बोलले त्यात आमचा महिन्याचा तांदूळ आणि गॅस येतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ‘घरी विचारून येते’ म्हणून मी पिल्लू उचललं आणि जिना उतरले. घरी विचारण्यासारखं काही नव्हतंच.

मग घरचेच उपाय. बुटांच्या खोक्यात जुनी साडी घातली. कोमट पाण्याची बाटली हरेशच्या मोज्यात घालून तिच्या पाठीशी ठेवली. हरेश म्हणाला, “माझ्या मोज्याच्या वासानंच मरंल ती.” सासूबाई कापसाने डोळे पुसत आणि ड्रॉपरने दूध पाजत बसल्या. दूध एकीकडून गेलं की दुसरीकडून बाहेर. शेवटी शेजारच्या धोंडुबाईंनी सांगितलं, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात न्या, तिथे परवडेल.

तिथे आमच्या पुढे दोन शेळ्या आणि एक कोंबडा होता. खिडकीतले गोविंदाभाऊ केसपेपर लिहीत होते.

“जनावर?”

“मांजर,” मी म्हटलं. पुढचा शेळीवाला हसला.

“मालकाचं नाव?”

सासूबाई लाजल्या. पासष्टीच्या बाई, चक्क लाजल्या. त्यांच्या लेखी मालक एकच, आणि तो घरी खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलेलं नाही. ‘आमचे मालक’, नाहीतर ‘हरेशचा बाप’. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि मला कोपराने ढोसलं. “तू सांग गो. मी कसं घेऊ नाव?”

गोविंदाभाऊ पिल्लाचा मालक विचारत होते, हे मला कळलं होतं. ‘लिहा, सीताबाई’ एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण त्याच सकाळी सासऱ्यांनी खोक्याकडे बघून ‘अजून हाय का ते?’ असं विचारलं होतं. तो राग माझ्या पोटात होता.

“दत्तात्रेय धर्मा ठाकूर,” मी खणखणीत सांगितलं. मोबाईल नंबरही त्यांचाच दिला. त्यांच्या नावावर मांजर चढवली आणि त्या आठवड्यात मला पहिल्यांदा बरं वाटलं.

डॉक्टर मृणाली म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी पिल्लाला तळहातावर उलटं-पालटं केलं. “गाईचं दूध कुणी पाजलं?” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. डॉक्टरीणबाईंनी औषधाचे थेंब दिले, न्हाणीत गरम पाणी ठेवून वाफ द्यायला सांगितली, दूध बंद करा, अंगात ताकद येईल असं काहीतरी भरवा म्हणाल्या. “सर्दी मुरली आहे. तीन दिवसांनी दाखवा. मी काही दिवस इथे असते, काही दिवस रोह्याला. मालकांना फोन करून विचारीन.”

आम्ही सगळं केलं. उकडलेलं अंडं कुस्करून दिलं, कोंबडीच्या दुकानातून मागून आणलेली कलेजी उकडून दिली. पिल्लू तोंड फिरवायचं. डोळे उघडले, पण खाणं शून्य. तिसऱ्या दिवशी ती खोक्यात चिंधीसारखी पडून होती. उचलली तर हातात वजनच लागेना.

त्या दिवशी एकादशी होती. सासूबाई देवळात गेल्या होत्या, हरेश कामाच्या शोधात. सासऱ्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन सगळ्या आळीला ऐकू जातो.

“दत्तात्रेय ठाकूर का? मी डॉक्टर मृणाली. तुमची मांजर कशी आहे?”

“माझी काय?”

“मांजर. केसपेपरवर मालक म्हणून तुमचं नाव आहे ना? खाते का ती?”

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खोक्याकडे वळले.

“नाय खात,” ते म्हणाले. “तीन दिस झाले. अंडं हुंगत पण नाय. काल राती दोनदा पाणी पाजलं, ते ठेवलंन पोटात.”

रात्री पाणी पाजलं? कुणी?

“मग आजच आणा, काका. मी रोह्याला आहे. आजचा दिवस घालवू नका.”

फोन ठेवून त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. “कुणी घातलं माझं नाव?”

“मी.”

“बरं,” ते म्हणाले. “पिशवी घे.”

रोह्याच्या एसटीत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले, पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून, आत हवा जावी म्हणून. वडखळला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. गाडी उभी राहिली आणि बाहेर बघत, मला न विचारताच, ते बोलायला लागले.

“मिठागरावर होतो तवा एक मांजर होती हिची. तिला साप चावला, गेली. तुझी सासू पाच दिस जेवली नाय. सहाव्या दिशी उन्हात चक्कर येऊन पडली. मी उचलून घरी आणली तर तोंडातनं शब्द नाय. तवा ती तिशीची होती, काटक. आता रगत कमी हाय तिचं, गोळ्या चालू हायत. हे पिल्लू गेलं आणि पाच दिस नाय जेवली, तर उरंल काय गो?”

दगड, दगड म्हणून ज्यांच्यावर मी सहा वर्षं दात खाल्ले, ते माझ्या शेजारी बसून एवढे घाबरले होते. मला स्वतःची लाज वाटली.

“बाबा, मला सांगायचं ना.”

“काय सांगू? बायको जेवत नाय तर मला भ्या वाटतं, असं सुनेला सांगू?”

रोह्याला डॉक्टरीणबाईंनी पिल्लाचं नाक साफ केलं, इंजेक्शन दिलं. “औषध लागू पडतंय. पण नाक बंद असल्यामुळे हिला वास येत नाही, आणि वास आल्याशिवाय मांजर खात नाही. काहीतरी उग्र वासाचं द्या, कोमट करून. मासळी चालेल, पण बिनमिठाची. आज संध्याकाळपर्यंत पोटात गेलं पाहिजे, काका. नाहीतर मग माझ्याही हातात काही राहणार नाही.”

“बिनमिठाची,” सासरे म्हणाले.

आमच्या घरात सुकट होती, बोंबील होते, वाकट्या होत्या, आणि सगळ्याला मीठ. जन्मभर मीठ पिकवलेल्या माणसाच्या घरी दुसरं काय असणार! बाजारातला मासा घ्यावा म्हटलं तर ते म्हणाले, “बर्फातला मासा. त्याला कसला वास? निवट्या पायजेत.” निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. ते चिखलात उतरून हातानेच पकडावे लागतात.

परतीच्या एसटीत ते बोटांवर काहीतरी मोजत होते. वडखळ आलं तसे उठले. “आज एकादस. तीनच्या सुमाराला पाणी सुकलेलं असंल. तू हिला घरी ने.”

“बाबा, गुडघे!”

“गुडघे माझे हायत,” म्हणाले आणि उतरले.

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या. देवळातून आल्या तर खोकं रिकामं, नवरा गायब. “कुठं टाकलं गो ह्यांनी तिला?” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी पिशवी उघडून दाखवली, सगळं सांगितलं, एसटीतलंसुद्धा. ते सांगायचं नव्हतं कदाचित, पण मला राहवलं नाही. सासूबाई पिल्लाला पोटाशी धरून बसून राहिल्या.

दिवे लागायच्या वेळेला सासरे आले. मांड्यांपर्यंत चिखल, कोपर खरचटलेलं, आणि रुमालात सात निवट्या. त्यातली एक अजून उड्या मारत होती.

“एकादशीची मासळी?” सासूबाई पुटपुटल्या.

“आपल्याला एकादस. तिला कुठली?”

सासूबाईंचा उपास, म्हणून मागच्या दारी तीन विटा मांडून भांडं मी चढवलं. बिनमिठाच्या निवट्या उकळायला लागल्या आणि असा काही वास सुटला की धोंडुबाईंनी खिडकी लावून घेतली. काटे काढून मी बशी सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी पिल्लू मांडीवर घेतलं, बोटाला थोडं लावून तिच्या ओठांवर चोळलं.

तिने तोंड फिरवलं.

पुन्हा चोळलं. पुन्हा फिरवलं. सासूबाई आत जाऊन पाठ करून बसल्या. त्यांना बघवेना. हरेश आला, काही विचारणार होता, पण आमची तोंडं बघून उंबऱ्यातच थांबला. बशी गार झाली. मी ती पुन्हा कोमट करून आणली.

“खा गो बाय,” सासरे तिच्या कानाशी बोलत होते, आणि त्यांचा आवाज मला ओळखू येईना. “एक घास खा. तू नाय खाल्लंस तर माझ्या घरात दुसरं कोण जेवणार नाय. समजतं का तुला? खा, माझी बाय.”

त्यांनी बोट तिच्या तोंडात सारलं. पिल्लाने जीभ हलवली. थांबली. मग एकदम सासरे ओरडले, “आय गं!”

सासूबाई धावत आल्या. सासऱ्यांनी हात वर धरला होता. बोटावर रक्ताचा थेंब होता, आणि मांडीवरून बशीत उडी घेतलेलं ते मुठीएवढं जनावर निवट्यांवर तुटून पडलं होतं. खाता खाता आम्हा सगळ्यांवर गुरगुरत होतं, कुणी हिसकावून घेईल म्हणून.

“चावली!” सासरे म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते लपवायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. “सीते, चावली गो मला! हे बघ, रगत काढलंन!”

सकाळी त्यांना इंजेक्शन घ्यायला न्यावं लागणार हे मला दिसत होतं. मी बोट साबणाने धुवायला पाणी आणलं, तोवर ते बाहेर पडले होते. धोंडुबाईंच्या बंद खिडकीपासून आळीच्या टोकापर्यंत, प्रत्येक दारात थांबून ते बोट दाखवत चालले होते.