मी खोटं होकायंत्र नाही!

मित्रांनो, मी सांबऱ्याच्या विमानतळावरच्या एका शिकाऊ विमानातलं जुनं होकायंत्र आहे आणि खोटारडं अजिबात नाही! आधीच सांगून टाकतो, कारण इथे शिकायला येणारं प्रत्येक पोर चार दिवसांत मला खोटं ठरवून मोकळं होतं.

एका कारागिराने माझ्या पोटात चुंबक बसवून मला काचेच्या डबीत, तेलात तरंगत ठेवलं. मला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. कित्येक वर्षं सगळे आधी माझ्याकडे बघत. मग समोर विजेवरचा चकचकीत पडदा आला, तोच दिशा दाखवू लागला. खंडेनवमीला पडद्याला झेंडूचा हार आणि मला कुंकवाचं बोटसुद्धा नाही. लई राग आला मला!

माझा एक स्वभाव आहे, तो मी लपवत नाही. पृथ्वी माझ्या चुंबकाला उत्तरेकडे ओढते, तशी थोडी खालीही ओढते. विमान सरळ उडत असलं की मी अगदी बरोबर सांगतो. ते वळायला कलंडलं की ती खालची ओढ मला बाजूला खेचते. म्हणून उत्तरेकडे वळताना मी मागे रेंगाळतो आणि दक्षिणेकडे वळताना पुढे पळतो. आहे हे असं आहे!

गेल्या हिवाळ्यात इथे शिकणारी दीप्ती एकटीच विमान घेऊन निघाली. ती निपाणीच्या तंबाखूवाल्या शेतकऱ्याची मुलगी. आपल्याच गावावर पोचली आणि पडदा विझला. खाली धुकं दाटलेलं. सांबऱ्याला परतायला दक्षिण गाठायची होती. पश्चिमेकडे सरकली असती तर पुढे घाटाचे डोंगर होते.

तिने विमान वळवलं. मी दक्षिण दाखवताच सरळ केलं. मी जागेवर आलो, तर दक्षिण अजून पुढेच! तिने घाबरून पुन्हा वळवलं, मी पुन्हा पुढे पळालो. रेडिओवर इंग्रजी बोलायचं असतं, पण भीतीने तिच्या तोंडून घरची भाषा सुटली.

"सर, ह्ये खोटं बोलतंय! दक्षिण म्हणतंय अन् परत न्हाय म्हणतंय!"

तिचे शिक्षक नागेंद्र सर बेळगुंदीचे, बोली तीच. ते खालून म्हणाले, "ते खोटं न्हाय गं. तू वळतावळता विचारतीस त्याला. दक्षिण दिसली तरी थांबू नको. जरा पुढं वळ, मग सरळ कर अन् दम धर."

बिचारीने ऐकलं. दक्षिणेच्या जरा पुढे वळून तिने विमान सरळ धरलं. मी तेलात एकदा हिंदकळलो आणि नेमका दक्षिणेवर थांबलो. पुढे धुकं विरळ झालं आणि धावपट्टी दिसली.

उतरल्यावर ती माझ्याकडे बघत रडत म्हणाली, "चुकलं रं माझं."

चुकलंच होतं! पण पोरगी जिवंत परत आली म्हणून मलाही भरून आलं.

मित्रांनो, मला हार नकोत. माझ्याजवळ मोबाईल आणि लोखंड तेवढं ठेवू नका. मी काही माझा स्वभाव बदलणार नाही. पडदा विझेल तेव्हा याल माझ्याकडेच. या, पण आधी विमान सरळ करा आणि मग माझ्या डोळ्याला डोळा भिडवून विचारा.