नऊ घरांच्या किल्ल्या

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती कोयत्याला, नुसत्या बाईला नाही. दोन वर्षांपूर्वी सोमला गेला आणि त्याची बायको धनीबाई अर्धा कोयता झाली. तेव्हापासून दिवाळी सरली की मानोऱ्याकडचा हा सगळा तांडा, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, ट्रकमध्ये बसून कारखान्याकडे जातो आणि ती मागे उरते. जाताना बायका घराची किल्ली तिच्या हातात ठेवतात.

धनीबाईला पिठाची चक्की हवी होती. आसपासच्या तीन वस्त्यांचं दळण लांब जातं, ते इथं आलं असतं. खरं सांगायचं तर तिला पैशापेक्षा ती दळण घेऊन येणारी माणसंच हवी होती. एकटीनं कर्ज मागितलं तर बँक म्हणाली, जामीनदार आणा. जामीनदार कुठून आणणार? मग दहा बायकांचा गट केला. अर्ज दिवाळीआधी गेला आणि बँकेला जाग आली ऐन जानेवारीत. मॅडम पाहणीला येणार, निदान सहा जणी समोर हव्यात, असा फोन आला.

लबाडी म्हणा हवं तर, पण अडला हरी. धनीबाईनं सकाळीच नऊही अंगणं झाडली, सडा टाकला, कुलपं काढून दारं उघडी टाकली. आपली पाच लुगडी पाच घरांच्या दोरीवर वाळत घातली.

साधना मॅडम स्कूटीवरून आल्या. पंचविशीची पोर, बोलणं मऊ.

"छान ठेवलाय हो तांडा. बोलवा सगळ्यांना."

"वावरात गेल्या, मॅडम. येतीनच आता."

अर्धा तास मॅडम बाजेवर बसल्या. मग म्हणाल्या, "हाक तरी मारून बघा."

धनीबाई पहिल्या दारापुढे उभी राहिली. "वो उज्ज्वला!" तीन महिन्यांत हे नाव तिनं मोठ्यानं घेतलं नव्हतं. सडा ओला होता, दोरीवर लुगडं हलत होतं. क्षणभर तिलाच वाटलं, आता ओ येईल. तिनं सुकेशनीला हाक मारली. मग रेणूला, मग रुपाबाईला. पाचव्या दाराशी तिला रडू फुटलं.

"कोणी नाही, मॅडम. सगळ्या ऊस तोडून राह्यल्या. मी एकटीच आहो इथं."

मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर 'सदस्य गैरहजर' असं लिहिलं. "होळीनंतर सगळ्या आल्या की पुन्हा अर्ज करा. एकट्या बाईवर बँक भरवसा कसा ठेवणार, मावशी?"

धनीबाईनं कमरेचा जुडगा काढून दाखवला. "त्याईनं त नऊ घरं माह्यावर ठेवले, मॅडम."

मॅडमनी किल्ल्यांकडे पाहिलं आणि हेल्मेट घातलं.

दिवस कलताना उज्ज्वलाचा फोन आला. "काकी, भेटली का चक्की?"

"होळीनंतर पाहू म्हणते."

"मंग पाहू नं होळीनंतर. तुले कायची घाई?" पलीकडे बायका हसत होत्या, कोणीतरी उज्ज्वलाला जेवायला बोलावत होतं. "अन् माह्या घराकडं ध्यान ठेव जो. तुह्यावरच भरवसा हाय."

धनीबाईनं लुगडी काढली, घड्या घातल्या, एकेक कुलूप लावत आली. उज्ज्वलाचं दार शेवटी राहिलं. ते ओढून घेण्याआधी तिनं आत डोकावून हळूच आणखी एकदा हाक मारली.