उशीत तोंड खुपसून

"घरात कोणी गेलंय का? अगदी जवळचं?" डोनटची सांडलेली साखर बोटानं टिपत मिसेस ट्रॅपनेलनी विचारलं.

मेरिलीनं नकारार्थी मान हलवली.

"घटस्फोट? दारू? घर जळलं वगैरे?"

"नाही, बाई."

बाईंनी सुस्कारा सोडला. कोणत्या मुलीनं कुठे अर्ज करायचा, हे सांगण्यासाठीच शाळेनं त्यांना नेमलं होतं. मेरिलीला प्रवेश परीक्षेत छत्तीसपैकी पंधरा मिळाले होते.

"पंधरावर सरकारी विद्यापीठ दारात उभं करणार नाही गं बाळा. अर्जासोबतचा निबंधच काय तो तारेल. वाचणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे." आणि एकदम बाईंचे डोळे चमकले. "अगं, तुझ्या वडिलांचा हात!"

ओर्व्हल स्टाइल्सचा उजवा हात कोंबड्यांच्या कारखान्यातल्या यंत्रानं कोपरापासून खाली नेला होता. आर्कान्सामधल्या त्या गावात त्याचा कुणाला विसर पडत नसे, कारण तो पडू देत नसे. चर्चच्या जेवणात तळलेल्या कोंबडीचं ताट फिरलं की तो ओरडायचा, "नीट बघून खा रे, माझी करंगळी अजून सापडलेली नाही!" बायका किंचाळायच्या. मेरिली हसतच लहानाची मोठी झाली होती.

तिनं निबंधात तेच लिहिलं. बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली.

"हसवायचं नाहीये आपल्याला. रात्री रडत नाहीत का ते?"

"रडतोय कसला! घोरतो."

"रडत असणारच. लिही."

मेरिलीनं लिहिलं. डॅडी उशीत तोंड खुपसून रडतो, मुलगी अंधारात दाराबाहेर अनवाणी उभी राहते. लिहून झाल्यावर तिनं दोनदा साबण लावून हात धुतले. बाईंनी वाचलं, डोळे पुसले आणि दुसरा डोनट उचलला.

"आता कसं!" त्या म्हणाल्या. तोंडातला घास तसाच होता.

वसंतात प्रवेश मिळाल्याचं कळलं. ओर्व्हलनं ट्रकचा भोंगा वाजवत गावाला फेरी मारली.

"काय लिहिलं होतंस गं?"

"तुझ्याबद्दलच."

"मग घेणारच! चांगलं लिहिलंस ना?"

"हं," ती म्हणाली आणि बशा विसळायला उठली.

जूनमध्ये नव्या मुलांना पालकांसह विद्यापीठात बोलावलं होतं. प्रवेश कार्यालयातली एक बाई गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं ओर्व्हलचं थोटं कोपर दोन्ही हातांत धरलं.

"मिस्टर स्टाइल्स, तुमच्या मुलीचा निबंध मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला. उशीत तोंड खुपसून रडणारा बाप! आम्ही सगळ्या रडलो."

मेरिलीचे कान तापले. आजूबाजूचे आईबाप बघू लागले होते. डॅडीनं आता काहीतरी बोलावं, करंगळीचा तो घाणेरडा विनोद करावा, अगदी इथे, सगळ्यांसमोर, असं तिला वाटलं.

"हो, बाई," ओर्व्हल म्हणाला. त्या बाईनं सोडेपर्यंत त्यानं कोपर तसंच राहू दिलं.

परतीच्या वाटेवर त्यानं रेडिओ लावला नाही. डोंगर उतरून ट्रक सपाटीला लागला. मेरिलीनं मनात वाक्य जुळवलं: बाईंनी लिहायला लावलं, डॅडी, मी ते बनवून लिहिलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला.

"आईला सांगू नकोस."

"काय?"

"तिची झोप गाढ आहे. तिला कळलेलं नाही." त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "मला वाटायचं, तुझीही गाढच असेल."

मेरिलीनं जुळवलेलं वाक्य गिळलं.

"नाही सांगणार," ती म्हणाली.