तुळजाची सून

वडप्याच्या अंगणवाडीत सुचेताबाईंनी भिंतीवर गेरूच्या रेघा ओढून पोरांची उंची मांडली होती. एकोणनव्वदच्या दिवाळीत विठूची रेघ जिथे होती, तिथेच ती पुढच्या पावसाळ्यातही होती. पोर अडीच वर्षांचं, दिसायला दीडाचं. आजी तुळजा रोज नाचणीची आंबील, अंडं काढून ठेवून शेतावर जायची, तरी नातू वाढेना म्हणजे काय!

"तुळजाबाई, खाणं कमी नाही पडत," सुचेताबाई म्हणाल्या. "त्याच्या आईकडे कधी नीट पाहिलंत का?"

तुळजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी सून येडी हाय म्हनता?"

पण त्या दिवशी ती शेतावरून लवकर परतली. सून चंद्रा चुलीपाशी बसली होती. हातात आंबिलीची वाटी, मांडीला विठू बिलगलेला. पोराने दोनदा आ केला, चंद्राचं लक्षच नव्हतं. शेवटी ते तसंच उपाशी झोपलं. दुसरं बाळ जन्मताच गेलं तेव्हापासून चंद्रा गप्प झाली होती, आणि तुळजा इतके दिवस तिला आळशी म्हणत आली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

मुलगा लडकू कापडाच्या लूमवरची शिफ्ट करून आला तो ठरवूनच. "आये, तिला वज्रेश्वरीला माहेरी धाडतो. पोर हितंच ऱ्हाईल. दुसरी बायको बगू."

"तुजा पाय मोडला असता तर तुला धाडला असता का रं?" तुळजा म्हणाली. लडकू मान खाली घालून जेवला.

सुचेताबाईंनी ठाण्याच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. गाव कुजबुजू लागलं, तेव्हा तुळजाने नाक्यावर, एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या बायकांना ऐकवलं, "येड्यांच्या डॉक्टरकडं चाललोय आमी. कुनाला यायचं असंल तर चला." डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, बरा होतो, गोळ्या चुकवू नका आणि हिला एकटी सोडू नका. तुळजाने शेत अर्धेलीने दुसऱ्याला कसायला दिलं आणि घरी बसली. आधी सुनेला भरवायची, मग नातवाला.

असे पाच महिने गेले. एका दुपारी ती विठूला घाईघाईने भात भरवत होती.

"आत्या, असं कोंबू नका. ठसका लागंल त्याला," मागून आवाज आला. "द्या इकडं. तुमाला न्हाय जमत."

चंद्राने वाटी ओढून घेतली, घासावर फुंकर घातली. तुळजा बघतच राहिली. या घरात आजवर तिला असं बोलायची कोणाची छाती झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत विठूची नवी रेघ जुनीच्या दोन बोटं वर गेली. सर्वांत जास्त कुजबुजलेली शेजारीण मैनासुद्धा म्हणाली, "तुळजाबाय, नातू वाढवलात बगा."

"त्यो तर आता वाढनारच," तुळजा पदर खोचत म्हणाली. "तुमी माझं ऐका. काल माझी सून माझ्याशी भांडली."

आणि ही बातमी ती संध्याकाळपर्यंत दारोदार सांगत फिरली.